तिसऱ्या पंखाचा सांधा

डग्लस अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलला आईनं कचकन ब्रेक दाबला आणि मार्गोच्या मांडीवरचं रॉकेट पुढे सरकलं. ते धरायला तिनं हात टाकला, तर अंगठा नेमका तिसऱ्या पंखाच्या बुडाशी जाऊन बसला आणि तिथून सुळकन घसरला. दातावरून जीभ घसरते ना, तसा. एवढंच झालं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, आई "हो रे बाबा, हो" असं पुटपुटली आणि गाडी चालू लागली. मार्गो मात्र त्या सिग्नललाच राहिली. कारण तो सांधा तिचा नव्हता.

आपलं काम आपल्या हाताला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. रॉकेटचं किट येतं तेव्हा त्यात सगळं कापूनच आलेलं असतं: पुठ्ठ्याची जाड नळी, प्लायवुडचे तीन पंख, प्लास्टिकचं टोकदार नाक, छत्री, दोरी. आपण करायचं ते चिकटवायचं. पण पंख जिथे नळीला मिळतो, तिथल्या खाचेत इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा डिंक, भरून तो गोलसर ओढावा लागतो. ती पन्हळ नीट भरली तर पंख टिकतो, नाहीतर वर गेल्यावर थरथरून निखळतो. रॉकेटवाले एकमेकांचं रॉकेट हातात घेतल्यावर आधी तिथेच अंगठा फिरवतात, आपण नव्या बाळाची बोटं बघतो तसा. मार्गोचा पहिल्या पंखाचा सांधा म्हणजे वितळून ओघळलेली मेणबत्ती होती. दुसरा जरा बरा, पण मध्येच पोट सुटलेला. आणि तिसरा, बुधवारी संध्याकाळी गॅरेजचं दार लावून, केस वर बांधून, श्वास रोखून ओढलेला तिसरा सांधा तिला इतका आवडला होता की तिनं त्याला "शाब्बास" म्हटलं होतं. मोठ्यानं. गॅरेजमध्ये एकटी असताना. तरी तोही खडबडीतच होता हो, तिला ठाऊक होतं. तिच्या अंगठ्याला त्याचा खडबडीतपणा पाठ होता. आता तिथे खडबडीत काही नव्हतं. घासूनपुसून, वर नवा थर देऊन कुणीतरी तो इतका गुळगुळीत केला होता की आख्ख्या विचिटा शहरात असं काम एकाच माणसाला जमलं असतं. तो माणूस आत्ता शेजारी बसून गाडी चालवत होता, आणि त्या माणसानं वीस वर्षं लोकांच्या दातांतल्या खड्ड्यांत भर घालून त्यांना पॉलिश केलं होतं.

"बिरॉक आणलेत," आई म्हणाली. "मागे फॉइलमध्ये आहेत. गरम असतील अजून."

"नको."

"कोबी भरलेले पाव, तुझे आवडते."

"नको म्हटलं ना, आई."

"बरं बाई. टेन्शन आलंय ना? मलापण पहिला दात काढताना आलं होतं. पेशंटपेक्षा मीच जास्त घाबरलेले."

ही गोष्ट मार्गोनं निदान शंभर वेळा ऐकली होती आणि दर वेळी ती हसायची. आज हसली नाही.  तिला कालची, शाळेच्या कॅन्टीनमधली ती स्वतः दिसत होती, टेबलावर चढायची तेवढी बाकी, सगळ्यांना सांगणारी: उद्या मी लेव्हल वनच्या परीक्षेचं रॉकेट उडवणार, खरं मोठं, एच मोटरचं, आणि पास झाले तर आख्ख्या काउंटीत माझ्या वयाची मी एकटी. "तुझ्या आईनं बांधलं असेल," असं कोणीतरी खवचटपणे म्हणालं होतं, आणि मार्गो ताठ मानेनं म्हणाली होती, "हात लावू दिला नाही मी तिला. एकटीनं बांधलंय." एकटीनं! तो शब्द किती चविष्ट लागला होता जिभेला. जन्मभर ज्या शब्दाची चव नव्हती तो शब्द. कारण आजवर मार्गोचं असं होतं की तिचं सगळं आई आधीच करून ठेवायची. हॅम्बर्गरच्या काउंटरवर मार्गोनं तोंड उघडायच्या आत आई सांगायची, "हिच्यात कांदा नको." पाचवीत विज्ञान प्रदर्शनात घेवड्याची रोपं मांडली तर तक्त्यावरची अक्षरं आईची, रेघा आईच्या, आणि पहिल्या नंबरची निळी फीत मार्गोच्या छातीवर. ती फीत तिनं मोज्यांच्या खणात तळाशी कोंबून ठेवलेली होती. मोजे काढताना हाताला लागली की अजून लाज वाटायची. आणि दात! दात तर काय, तिचे दात म्हणजे आईचंच प्रदर्शन. कोणी म्हणालं "किती सुंदर हसतेस गं" की मार्गोला वाटायचं, आईला सांगा, तिनं केलंय ते.

पण या वर्षी काहीतरी झालं होतं. काय झालं ते तिला नक्की सांगता आलं नसतं. सप्टेंबरात तिनं स्वतःच्या हातानं केस कापले, वाकडे कापले, आणि तरी ते तिला छान दिसले. वर्गात हात वर व्हायला लागला, आपला आवाज ऐकून आपणच दचकायचं बंद झालं. रॉकेट क्लबात पहिल्या दिवशी सगळे म्हातारे बुवा आणि त्यांच्या बेसबॉल टोप्या बघूनही ती पळाली नाही. वाढदिवसाला आईनं विचारलं, काय हवं, तर ती म्हणाली, किट हवं आणि तू गॅरेजमध्ये येणार नाहीस असं वचन हवं. आईनं दोन्ही दिलं. दुसरं देताना आईचा चेहरा असा झाला होता की कोणीतरी तिच्या हातातून चमचा काढून घेतलाय. आणि वचन मोडलं. घरात दोघीच तर राहतात, तेही एकीला पाळता येऊ नये?

शहर संपलं. धान्याच्या कोठारांचे पांढरे उंच डेरे मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी हिरवा गहू सुरू झाला, वाऱ्यानं लवणारा. मार्गो मनात वाक्यं जुळवत होती. तुला राहवलंच नाही ना? तुला माझं काहीच पुरेसं वाटत नाही ना? एक वाक्य तर इतकं धारदार झालं की तिचं तिलाच लागलं. तिनं आईकडे पाहिलं. आई स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, पेरं पांढरी पडेपर्यंत. मोकळ्या रस्त्यावर एवढं घट्ट कोण धरतं, असा एक विचार मार्गोच्या मनात आला आणि रागाच्या घाईत तसाच निघून गेला.

कुरणावर गाड्या आधीच लागल्या होत्या. वारा होता, पण कॅन्ससच्या मानानं तो नव्हताच म्हणायचा. टेबलांवर रॉकेटं आडवी पडलेली, नाकं काढलेली, पोटातून दोऱ्या आणि छत्र्या लोंबत असलेली; एकदम इस्पितळाची कळा. लुआन नावाची बाई माइकवर होती, तिचा आवाज कुरणभर फिरत होता. "पुढचं रॉकेट डेलचं, गेल्या वेळी शेजाऱ्यांच्या गाईजवळ उतरलेलं तेच. डेल, गाईनं माफ केलं का?" लोक हसले. तपासणीच्या टेबलापाशी वर्ल पेनर बसले होते, क्लबातले सगळ्यांत जुने, कानावर पेन्सिल, अंगठ्याला कायमचा वाळलेला डिंक. लेव्हल वनला बसणाऱ्यांची रांग छोटीच होती, पण पेनर घाई करणारे नव्हते. प्रत्येकाचं रॉकेट घेऊन ते पंख ओढून बघत, नाक हलवून बघत, मग कानाशी धरून एकदा खुळखुळा वाजवल्यासारखं हलवत. आणि शेवटी प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच कंटाळलेल्या आवाजात, स्वतःच्या जावयाला विचारला तरी तसाच: "कोणी बांधलं?" परीक्षेला एवढी एकच तोंडी. ज्यानं बांधलं त्यानंच उडवायचं, नाहीतर ती परीक्षाच नाही. बाकी कोणी काही तपासत नाही. उत्तर दिलं की पेनर मान डोलावतात आणि मोटर देतात.

मार्गो रांगेत उभी राहिली, रॉकेट दोन्ही हातांत बाळासारखं आडवं घेऊन. आई मागे, अर्ध्या पावलावर. पळवाट सोपी होती, तीही तिला दिसली होती: पेटीत सॅंडपेपर आहे. दहा मिनिटं घासलं की तो गुळगुळीतपणा जाईल, कोणाला कळणार नाही, पेनरच्या अंगठ्यालासुद्धा नाही. किंवा घासायचंही कशाला? "मी" म्हणायचं. एक अक्षर. आणि तसं बघितलं तर खोटं काय त्यात? बाकी सगळं तर तिनंच केलंय. हे सगळं घोळत असताना अंगठा आपला त्या सांध्यावरून जात होता, पुढे मागे, पुढे मागे, दुखऱ्या दाताशी जीभ जाते तसा. आणि असाच एकदा तो नेहमीपेक्षा खाली, शेपटाच्या टोकापर्यंत गेला, आणि थांबला.

खाली तो गुळगुळीत नव्हता.

वरून निघालेली रेघ सरळ, देखणी, आईची, आणि शेवटच्या चार बोटांत मात्र लहरी. बारीक बारीक, एकीला लागून एक, तळ्याच्या काठी ओल्या वाळूवर उठतात तशा. मार्गोनं डोळे मिटले आणि पुन्हा अंगठा फिरवला. मध्ये एका जागी रेघ तुटली होती, तिथे हात उचलला होता, थोडा वेळ घेतला होता आणि पुन्हा टेकवला होता. मग पुन्हा लहरी. ते डिंकात तसंच्या तसं वाळून बसलं होतं. कॉफीचा मग, तिला आठवलं. हिवाळ्यापासून आई कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरते, आणि मार्गोला वाटायचं थंडीमुळे. मग थंडी गेली, तरी ती दोन्ही हातांनीच धरत होती. कोटाची बटणं लावताना आई पाठ फिरवते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती दवाखान्यातून लवकर आली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, त्या वाजल्या, ठेवल्यानंतरही तिच्या हाताखाली वाजत राहिल्या, आणि म्हणाली, "जरा रजा घेतेय, कंटाळा आला लोकांची तोंडं बघून." मार्गो केवढी हसली होती त्या विनोदावर! आणि मग सरळ वर गेली, खोलीत, आरशासमोर उभी राहून वर्गातल्या भाषणाची तालीम करायला. तेव्हापासून ती रजा संपलीच नाही. मार्गोला हे सगळं माहीत होतं. दिसत होतं म्हणजे माहीतच होतं की. फक्त तिनं त्याच्यावर अंगठा ठेवला नव्हता. या वर्षी ती इतकी खूश होती, इतकी मोठी होत होती, की घरातलं दुसरं माणूस बारीक होत चाललंय हे बघायला तिच्याकडे जागा नव्हती.

"आई," ती वळून न बघता म्हणाली. "तिसरा तू केलास ना?"

आई मागून तेवढं अर्धं पाऊल पुढे आली.

"त्यात बुडबुडा होता," आई म्हणाली. "नखाएवढा. तू बॅंडच्या सरावाला गेली होतीस. मी फक्त लॉन्ड्रीचा साबण घ्यायला आले होते गॅरेजमध्ये. शप्पथ. आणि दिसला."

"मग मला सांगायचं."

"हो."

"मी भरला असता."

"हो गं." मग आवाज एकदम खाली गेला. "मला बघायचं होतं. जमतं का अजून. माणसाच्या तोंडात नाही ना बघता येत. म्हटलं, रॉकेट आहे, हलणार नाही, ओरडणार नाही." ती हसायला गेली आणि हसू अर्धंच आलं. "वरचं जमलं. खाली येता येता... तू रागावली असशील तर बरोबर आहे. त्या सॅंडपेपरनं घास ते. मीच घासून देऊ?"

आणि तेवढ्यात आईचा उजवा हात पुढे आला, सवयीनं, दुरुस्त करायला आलेला. मार्गोनं तो पहिल्यांदा नीट पाहिला. बोटं अगदी हलकी हलत होती, कोणी दुरून फुंकर घालत असल्यासारखी. आईच्या ते लक्षात आलं आणि तिनं हात जॅकेटच्या खिशात घातला. चोरानं लपवावा तसा.  घासायचं? या हातानं केलेलं हे कदाचित शेवटचं देखणं काम असेल, आणि ते घासायचं, तेही ते तिचं नाही असं भासवण्यासाठी? आणि "मी" म्हटलं तर तेच झालं, नाही का? फीत माझ्या छातीवर आणि हात तिचा खिशात. पाचवीपासून ज्याची लाज वाटत आली, ते आता स्वतःच्या तोंडानं करायचं. पण खरं सांगितलं तर परीक्षा गेली. आज गेली म्हणजे उन्हाळा सरेपर्यंत गेली, कारण यानंतर गवत पेटायच्या भीतीनं इथे काडीसुद्धा ओढू देत नाहीत. सोमवारी कॅन्टीनमध्ये काय सांगायचं? तिला रडू येईलसं वाटलं, आणि त्याच वेळी, गंमत बघा, तिला भूकही लागली.

"पुढे," पेनर म्हणाले.

त्यांनी रॉकेट घेतलं. पंख ओढले, एक, दोन, तीन. नाक हलवलं. कानाशी धरून हलवलं, आत काही वाजलं नाही. अंगठा सांध्यांवरून फिरला आणि तिसऱ्यावर जरा रेंगाळला, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "चांगलं घट्ट आहे, पोरी," ते म्हणाले. मग पेन्सिल कानावरून काढून त्याच कंटाळलेल्या आवाजात: "कोणी बांधलं?"

"दोन पंख मी," मार्गो म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, आजकाल तो निघतोच तसा. "आणि तिसरा आईनं. म्हणजे सांधा. तो तिचा आहे."

"अहो मिस्टर पेनर, तिला माहीतसुद्धा नव्हतं हो," आई घाईनं पुढे झाली, "चूक माझी आहे, पोरीची काही..."

"चूक कोण म्हणतंय, बाई?" पेनरांनी पेन्सिल परत कानावर खोचली. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि खिशातल्या त्या हाताकडेही पाहिलं असावं. "परीक्षा नाही होणार मग. ते काही माझ्या हातात नाही."

"माहीत आहे," मार्गो म्हणाली. आता ते खरंच गेलं होतं, आणि त्या जागी पोटात एक विचित्र हलकेपणा आला होता, दात पडल्यावर येतो तसा. "पण एचच्या खालची, 'जी' अक्षराची मोटर? ती लहान असते ना? तिला परवाना लागत नाही. तिच्यावर उडेल का हे?"

पेनरांनी रॉकेट हातात तोललं. "जरा जड आहे. फार वर नाही जायचं." त्यांनी गवताकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेतला. "पण जाईल. नाव कोणाचं सांगू लुआनला?"

"दोघींचं."

उडवायच्या सळईवर रॉकेट उभं करून मार्गोनं मोटरच्या तोंडात ठिणगी पाडणारी काडी सरकवली, तिला वायर जोडली आणि मागे सरकत सरकत परत आली. रॉकेट रंगवलेलं नव्हतं; भुरक्या नळीवर पिवळट डिंकाच्या रेघा दिसत होत्या, लांबूनसुद्धा कोणती कोणाची ते सांगता आलं असतं. लुआनचा आवाज कुरणावर पसरला. "आता बघा, मार्गो उनरू आणि डॉक्टर डीना उनरू यांचं रॉकेट. दातांच्या डॉक्टर आहेत हो, तोंडं मिटून बघा सगळ्यांनी!" लोक हसले, आईसुद्धा हसली, या वेळी पूर्ण. बटणाची पेटी लुआनच्या टेबलावर होती. लुआननं ती मार्गोपुढे सरकवली आणि मार्गोनं ती आईपुढे.

"मी?" आई म्हणाली. "नको गं. लोक बघतायत."

"बघू देत. बटण आहे ते, आई. त्याला काही कळत नाही."

आईनं खिशातून हात काढला. मोकळ्या उजेडात, एवढ्या टोप्यांच्या, एवढ्या डोळ्यांच्या देखत. बोट बटणावर टेकेपर्यंत हलत होतं, टेकल्यावरही हलत होतं. सगळ्यांनी मिळून पाचपासून उलटं मोजलं. बटणाला खरंच काही कळलं नाही. आधी धूर, मग फाटल्यासारखा आवाज, आणि सळई एकदम रिकामी. मार्गो ओरडली. काय ओरडली ते तिला आठवणार नव्हतं, पण कुरणाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असावं. रॉकेट सरळ गेलं, हवेत जरासं अंग घुसळून सरळ गेलं, पेनर म्हणाले तसं फार वर नाही, तरी वर. आणि थकून वळलं तेव्हा एक बारीक टप्प झालं आणि नारिंगी छत्री फुलली. आईनं केव्हा तिचा दंड धरला होता कुणास ठाऊक. ते पकडणं हलत होतं आणि सोडत नव्हतं.

ते कोरड्या, कडक जमिनीवर उतरलं. दोघी गवतातून चालत गेल्या, मार्गो पुढे धावून परत येऊन, परत पुढे धावून. छत्री वाऱ्यानं फुगून रॉकेटला थोडं ओढत होती. मार्गोनं ती गोळा केली, नळी उचलली आणि पंख बघितले. पहिला पंख, मेणबत्तीवाला, तिचा स्वतःचा, बुडाशी तडकून एका बाजूला कलला होता. धक्का लावला तर हातात येईल असा.

"परीक्षा असती तर नापास," मार्गो म्हणाली आणि तिला हसूच फुटलं. "तडा गेला की नापास करतात. आई, मी तशीही नापासच होते गं!"

"आणि तिसरा?"

मार्गोनं अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, लहरींवरून सावकाश. "तुझा आहे तसाच आहे."

आईचे दोन्ही हात पुढे आले, कललेल्या पंखाकडे. वाटेतच तिनं ते आवरले आणि पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, शाळेत मुलं उभी राहतात तसे. ते करणं तिला किती जड जातंय ते मार्गोला दिसत होतं. 

"घरी गेल्यावर मी हा परत लावणार," ती म्हणाली. "इपॉक्सी मी ओढणार. पण वाळेपर्यंत कोणीतरी पंख धरायला हवा. तू धरशील?"

"माझा हात हलेल गं."

"मग लहरी येतील थोड्या," मार्गो म्हणाली. "येऊ देत. बिरॉक कुठेत? मला जाम भूक लागलीये."